घाटातला नाका आणि उघडी वही : सरकारला क्रिप्टोचलनावर कर लावता येतो का? (दीर्घ थ्रेड)

१/
१ ऑक्टोबर २०१३. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क भागातील सार्वजनिक ग्रंथालयात, विज्ञानकथांच्या कपाटांशेजारच्या टेबलावर २९ वर्षांचा एक तरुण लॅपटॉप उघडून बसला होता. त्याच्या पाठीमागे एका जोडप्याचे भांडण जुंपले. त्याने मान वळवली, आणि तेवढ्यात कुणीतरी त्याचा लॅपटॉप ओढून घेतला. ते जोडपे एफबीआयचे होते आणि लॅपटॉप ओढणारेही त्यांचेच सहकारी होते. लॅपटॉप उघड्या अवस्थेत हाती लागणे फार महत्त्वाचे होते. तो मिटला असता तर आतील सारी माहिती कुलूपबंद झाली असती.

२/
तो तरुण म्हणजे रॉस उलब्रिख्ट. २०११ च्या आरंभापासून तो ‘सिल्क रोड’ नावाचा गुप्त ऑनलाइन बाजार चालवीत होता. तेथे प्रामुख्याने अमली पदार्थ विकले जात आणि पैसे फक्त बिटकॉइनमध्ये घेतले जात. त्याच्या लॅपटॉपवर सुमारे १ लाख ४४ हजार बिटकॉइन सापडले.
सरकारला दिसणार नाही, मोजता येणार नाही आणि म्हणून त्यावर करही लावता येणार नाही असा पैसा निर्माण झाला आहे, ही त्या काळी अनेकांची श्रद्धा होती. पुढच्या दहा वर्षांत त्या श्रद्धेचे काय झाले, याचा हा इतिहास.

३/
आरंभापासून पाहू. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी ‘सातोशी नाकामोतो’ या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या साखळीतील पहिला ठोकळा तयार झाला. मूळ कल्पना अशी : दोन माणसांना बँकेच्या मध्यस्थीवाचून एकमेकांना पैसे पाठवता यावेत. बँक नसेल तर हिशेब कोण ठेवणार? नाकामोतोचे उत्तर होते, सर्वांनी मिळून ठेवायचा. प्रत्येक व्यवहार एका सामाईक रोजकीर्दीत नोंदवायचा, त्या रोजकीर्दीची प्रत हजारो संगणकांवर राहील, आणि एकदा झालेली नोंद कुणालाही खोडता येणार नाही.

४/
या रोजकीर्दीत माणसांची नावे नसतात. नावाच्या जागी अक्षरे व अंक यांचा एक लांबलचक ‘पत्ता’ असतो. त्यामुळे व्यवहार निनावी आहे असे वाटते. पण त्या पत्त्यावर कधी, कुठून, किती रक्कम आली आणि पुढे कुठे गेली, हे जगातील कुणालाही केव्हाही पाहता येते. बँकेची वही बंद असते आणि तिच्यात नावे असतात. बिटकॉइनची वही सताड उघडी असते आणि तिच्यात नावे नसतात.
एका पत्त्याचे जरी नाव कळले तरी मागचे-पुढचे बरेच काही उलगडू शकते. ही उणीव खुद्द नाकामोतोच्या निबंधातच मान्य केलेली आहे. अनेक पत्त्यांवरची रक्कम एकाच व्यवहारात एकत्र केली, तर ते सारे पत्ते एकाच मालकाचे असल्याचे उघड होते, असे तेथे नमूद आहे.

५/
राजसत्तेच्या टाकसाळीबाहेर फिरणारा पैसा ही इतिहासातील नवी गोष्ट नव्हे. भारतातील हुंडी हे त्याचे ठळक उदाहरण. रोख रक्कम न हलवता एका पेढीच्या चिठ्ठीवर दूरच्या शहरातील पेढीतून पैसे मिळत. हुंड्यांचे प्रकार अनेक : दर्शनी, मुदती, धनीजोग, नामजोग, शाहजोग. यातील शाहजोग हुंडी येथे विशेष महत्त्वाची. तिचे पैसे केवळ ‘शहा’लाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या ज्ञात व्यापाऱ्यालाच द्यायचे असत. हुंडी चोरीची वा बनावट निघाली तर पैसे कुणाच्या हाती गेले याचा माग त्या पत असलेल्या माणसापर्यंत नेता येई. हुंडी हातोहात फिरे, पण रोकड होण्याच्या ठिकाणी एक ओळखीचा चेहरा उभा असे.

६/
ब्रिटिश सरकारने या व्यवस्थेचे काय केले? १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने देशी भाषांतील हुंड्यांविषयीच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. मात्र १८९९ च्या मुद्रांक कायद्याने ‘विनिमयपत्र’ या संज्ञेत हुंडीचाही समावेश केला. मुदती हुंडी योग्य मुद्रांकाविना लिहिली तर ती न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नसे.
येथे राज्यसत्तेची एक जुनी युक्ती दिसते. प्रत्येक पेढीवर पहारा बसवण्याची गरज तिला भासली नाही. पैसे बुडाले की व्यापारी न्यायालयाच्या पायरीशी येणारच होता. कर त्या पायरीवर वसूल करता येत होता.

७/
दुसरी युक्ती याहून जुनी आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरेने सांगितले जाते. परंपरा बाजूला ठेवली तरी घाटाचा भूगोल पुरेसा बोलका आहे. देशावर माल शंभर वाटांनी फिरेल, पण सह्याद्री उतरायचा तर मोजक्याच घाटवाटा. त्या वाटेवर नाका बसवला की प्रत्येक लमाण तांड्याच्या मागे शिपाई धाडावा लागत नाही.
क्रिप्टोचलनाचा घाट कोणता? बिटकॉइनचे रुपये वा डॉलर करून देणारे एक्स्चेंज.

८/
मात्र हे समजायला सरकारांना काही वर्षे लागली. आधी पाऊल पडले ते विद्यापीठात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधक सारा मायकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या बिटकॉइन सेवांशी स्वतः ३४४ व्यवहार केले. एक्स्चेंजमध्ये पैसे भरले, काढले, वस्तू विकत घेतल्या. प्रत्येक व्यवहारातून त्या त्या सेवेचा एखादा पत्ता त्यांना निश्चितपणे कळला. मग एकत्र खर्च होणारे पत्ते एकाच मालकाचे, या नियमाने त्यांनी त्या एका पत्त्याभोवतीचे हजारो पत्ते एकेका गटात गोळा केले. २०१३ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

९/
या संशोधनाचा निष्कर्ष साधा होता. मोठी रक्कम घेऊन कुणी कितीही पत्ते बदलले तरी ती खर्चायची म्हटल्यास अखेरीस बहुधा एखाद्या एक्स्चेंजच्या दारातच जावे लागते. आणि एक्स्चेंजला ग्राहकाचे नाव ठाऊक असते. तपास यंत्रणेने वही वाचायची, माग दारापर्यंत न्यायचा आणि तेथे न्यायालयीन समन्स दाखवायचे.
त्याच वर्षी, मार्च २०१३ मध्ये, अमेरिकेच्या अर्थखात्याच्या ‘फिनसेन’ या विभागाने स्पष्ट केले की क्रिप्टोचलनाची अदलाबदल करून देणारे व्यवसाय हे पैसे पोहोचवणारे व्यवसायच आहेत. म्हणजे त्यांना नोंदणी, ग्राहकाची ओळख आणि संशयास्पद व्यवहारांची माहिती देणे बंधनकारक झाले. घाटात नाका बसला.

१०/
पुन्हा ग्रंथालयातील तरुणाकडे. उलब्रिख्टचे नाव प्रथम कळले ते ब्लॉकचेनमुळे नव्हे. अमेरिकेच्या करखात्यातील, म्हणजे आयआरएसमधील, गॅरी ॲलफर्ड या तपासनिसाने साधा गूगल शोध घेतला. सिल्क रोडचा अगदी पहिला उल्लेख इंटरनेटवर कुणी केला, हे त्याला पाहायचे होते. जानेवारी २०११ मध्ये ‘अल्टॉइड’ या नावाने कुणीतरी त्या बाजाराची जाहिरात केलेली आढळली. त्याच नावाने काही महिन्यांनी नोकरीची एक जाहिरात दिली गेली होती आणि तिच्यात संपर्कासाठी उलब्रिख्टचा खरा ईमेल पत्ता होता.
वहीने आपले काम नंतर केले. २०१५ च्या खटल्यात सिल्क रोडच्या सर्व्हरवरून उलब्रिख्टच्या लॅपटॉपवर आलेल्या सुमारे ७ लाख बिटकॉइनचा माग न्यायालयात मांडला गेला. त्याला जन्मठेप झाली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली.

११/
या प्रकरणाचा सर्वांत बोधप्रद भाग मात्र आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर घडला. सिल्क रोडचा तपास करणाऱ्या बाल्टिमोरच्या पथकात कार्ल फोर्स हा अमली पदार्थविरोधी खात्याचा आणि शॉन ब्रिजेस हा सीक्रेट सर्व्हिसचा अधिकारी होता. जानेवारी २०१३ मध्ये सिल्क रोडच्या एका व्यवस्थापकाला पकडण्यात आले. त्याच्या खात्याची किल्ली पथकाच्या हाती आली, आणि ब्रिजेसने तिचा वापर करून सुमारे २० हजार बिटकॉइन लंपास केले. फोर्सने तर टोपणनाव घेऊन उलब्रिख्टलाच तपासाची माहिती विकली आणि मोबदला बिटकॉइनमध्ये घेतला.

१२/
दोघांनाही आपण निनावी आहोत असे वाटले असावे. परंतु ब्रिजेसचे बिटकॉइन टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजमध्ये गेले आणि तेथून सुमारे ८ लाख २० हजार डॉलर अमेरिकेत त्याच्याच कंपनीच्या खात्यात आले. शेवटची रक्कम हाती आल्यावर दोनच दिवसांनी त्याने माउंट गॉक्सचीच खाती जप्त करण्याच्या सरकारी अर्जावर शपथेवर सही केली!
आयआरएसच्या तिग्रान गाम्बार्यान या तपासनिसाने हा माग काढला. २०१५ मध्ये फोर्सला ७८ महिन्यांची आणि ब्रिजेसला ७१ महिन्यांची शिक्षा झाली. उघडी वही चोराकडे बोट दाखवते तेव्हा त्या चोराच्या छातीवर सरकारी बिल्ला आहे की नाही, हे ती पाहत नाही.

१३/
फेब्रुवारी २०१४ मध्ये माउंट गॉक्सने दिवाळे जाहीर केले. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. त्यांतील सुमारे २ लाख पुढे सापडले. हरवलेल्या नाण्यांचा शोध घेण्याच्या गरजेतून ‘चेनॲनालिसिस’सारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. सारा मायकलजॉन यांनी विद्यापीठात केले तेच काम आता व्यवसाय म्हणून होऊ लागले आणि तपास यंत्रणा त्याच्या गिऱ्हाईक बनल्या.
येथे हुंडीच्या मुद्रांकाची आठवण व्हावी. राज्यसत्ता नको म्हणणारे हजारो ठेवीदार पैसे बुडताच टोकियोच्या न्यायालयाच्या पायरीशी आले होते.

१४/
आता कराचा प्रश्न. २५ मार्च २०१४ रोजी आयआरएसने जाहीर केले की कराच्या दृष्टीने क्रिप्टोचलन हे चलन नसून मालमत्ता आहे. म्हणजे शेअर विकून नफा झाला तर जसा कर, तसाच बिटकॉइन विकल्यावर. इतकेच काय, बिटकॉइन देऊन कॉफी घेतली तरी ती मालमत्तेची विक्रीच, आणि मधल्या काळात भाव चढला असेल तर त्या कॉफीवरही नफ्याचा हिशेब लागू. नियम झाला. पाळला किती जणांनी? आयआरएसने पुढे न्यायालयात सांगितल्याप्रमाणे २०१३, २०१४ व २०१५ या वर्षांत बिटकॉइनशी संबंधित नफातोटा आपल्या विवरणपत्रात दाखवणारे करदाते अनुक्रमे ८०७, ८९३ आणि ८०२ होते. संपूर्ण अमेरिकेत.

१५/
त्याच काळात कॉइनबेस या एकाच अमेरिकी एक्स्चेंजचे ग्राहक लाखोंच्या घरात होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयआरएसने कॉइनबेसवर एक ‘जॉन डो’ समन्स बजावले. जॉन डो म्हणजे आपल्याकडचा अमका-तमका : नाव ठाऊक नसलेली व्यक्ती. २०१३ ते २०१५ मधील आपल्या सर्व अमेरिकी ग्राहकांची माहिती कंपनीने द्यावी, अशी ही मागणी होती. एखाद्यावर संशय आहे म्हणून त्याचे खाते मागणे वेगळे आणि गावातल्या सर्वांची खाती मागून त्यांत चोर शोधणे वेगळे. कॉइनबेसने विरोध केला.

१६/
दोन्ही बाजूंच्या रस्सीखेचीत मागणी आकुंचन पावली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी निर्णय दिला : ज्यांनी कोणत्याही एका वर्षात खरेदी, विक्री, पाठवणी वा स्वीकार यांपैकी एका प्रकारात किमान २० हजार डॉलरची उलाढाल केली, त्यांचीच माहिती द्यावी, आणि मागितलेल्या सर्व कागदपत्रांऐवजी मोजकीच द्यावी. या निकषात १४,३५५ खातेदार आणि सुमारे ८९ लाख व्यवहार बसत होते.
२०१९ मध्ये आयआरएसने १० हजारांहून अधिक करदात्यांना पत्रे धाडली. २०२० च्या करवर्षापासून तर वैयक्तिक विवरणपत्राच्या पहिल्याच पानावर क्रिप्टोचलनाविषयीचा प्रश्न छापला जाऊ लागला. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. खोटे ‘नाही’ लिहिणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव उरत नाही.

१७/
उघड्या वहीचा आणखी एक गुण म्हणजे तिला घाई नसते. सप्टेंबर २०१२ मध्ये एका तरुणाने सिल्क रोडच्या रक्कम काढण्याच्या यंत्रणेतील त्रुटी वापरून सुमारे ५० हजार बिटकॉइन पळवले. नऊ वर्षे ते बिटकॉइन जवळजवळ तसेच राहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातील त्याच्या घरावर छापा पडला. जमिनीखालच्या तिजोरीत आणि न्हाणीघराच्या कपाटातील पॉपकॉर्नच्या डब्यात ठेवलेल्या एका छोट्या संगणकात ते सापडले. तेव्हा त्यांचे मोल ३ अब्ज डॉलरहून अधिक झाले होते. रोकड चोरीचा माग काळाबरोबर पुसट होतो. ब्लॉकचेनवरचा माग तसाच राहतो आणि तो वाचण्याची साधने मात्र वर्षागणिक सुधारत जातात.

१८/
मग पळवाटा नाहीत का? आहेत. २०१४ मध्ये आलेल्या मोनेरोत रक्कम आणि पाठवणारा दोन्ही झाकले जातात. ‘टोर्नेडो कॅश’सारख्या मिश्रण-सेवा अनेकांचे पैसे एकत्र घोळून माग तोडतात. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने टोर्नेडो कॅशवर निर्बंध लादले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की कुणाच्याही मालकीत नसलेली, कुणालाही बदलता न येणारी संगणक-आज्ञावली ही कायद्याच्या अर्थाने ‘मालमत्ता’ नव्हे, म्हणून हे निर्बंध अधिकाराबाहेरचे आहेत. मार्च २०२५ मध्ये ते उठवले गेले.
सारांश, नाका चुकवणाऱ्या आडवाटा राहणारच. परंतु आडवाटेने मोठा तांडा नेणे कठीण, आणि बहुसंख्य लोक आडवाट धरत नाहीत.

१९/
बंदीच घातली तर? या प्रश्नाचे उत्तर भारताच्या इतिहासात आहे. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण लागू केले. परकीय चलनाची चणचण होती, चीनशी झालेले युद्ध नुकतेच संपले होते. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. हजारो सोनारांच्या हातचे काम गेले. लोकांची सोन्याची ओढ मात्र तिळमात्र घटली नाही. १९६८ मध्ये स्वतंत्र सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि त्याच काळात अरबी समुद्रावरून दहा तोळ्यांची बिस्किटे मुंबईच्या व कोकणच्या किनाऱ्यावर उतरत राहिली. १९९० मध्ये हा कायदा रद्द झाला. तेव्हा अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार मधु दंडवते.

२०/
भारताच्या क्रिप्टोधोरणात या प्रवासाची छाया दिसते. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो-व्यवसायांना सेवा देण्यास मनाई केली. क्रिप्टो बाळगणे गुन्हा नव्हता, पण घाटच बुजवला गेला. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केले. रिझर्व्ह बँकेला अधिकार आहेत हे न्यायालयाने मान्य केले. मात्र तिच्या नियंत्रणाखालील बँकांना या व्यवहारांमुळे काही इजा झाल्याचे तिने दाखवलेले नाही, आणि म्हणून उपाय प्रमाणाबाहेरचा आहे, असा निर्णय दिला. मधल्या काळात, २०१९ मध्ये, क्रिप्टोचलन बाळगणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेला विधेयकाचा मसुदाही तयार झाला होता. तो कायदा झाला नाही.

२१/
१ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पाने दिशा बदलली. ‘आभासी डिजिटल मालमत्ते’च्या हस्तांतरणातील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागला. एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्यातील नफ्यातून वजा करण्याची मुभा नाही. आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपलीकडच्या प्रत्येक हस्तांतरणावर १ टक्का करकपात.
३० टक्क्यांची चर्चा फार झाली, पण इतिहासाच्या दृष्टीने तो १ टक्का अधिक महत्त्वाचा. उत्पन्न तर त्यातून मिळतेच, पण त्याचे खरे काम नोंदीचे आहे. कपात झाली की ती कुणाच्या पॅन क्रमांकावर झाली हे करखात्याला कळते. जकात आणि नाक्यावरची नोंदवही या दोन्हींचे काम त्या एका टक्क्याने एकत्र होते.

२२/
परिणाम काय झाला? देशी एक्स्चेंजवरील उलाढाल आटली आणि बरेच ग्राहक परदेशी एक्स्चेंजकडे वळले. नाका जड झाला की तांडा दुसरा घाट धरतो. मार्च २०२३ मध्ये सरकारने क्रिप्टो-व्यवसायांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले. डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता विभागाने बायनान्स, कूकॉइन यांच्यासह नऊ परदेशी एक्स्चेंजना कारणे दाखवा नोटिसा दिल्या. पाठोपाठ त्यांची संकेतस्थळे व ॲप भारतात रोखली गेली. २०२४ मध्ये कूकॉइनने साडेचौतीस लाख रुपयांचा दंड भरून नोंदणी केली. बायनान्सला १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला. आडवाट म्हणून निवडलेला घाटही नाक्याखाली आला.

२३/
आता देशोदेशीचे नाके एकमेकांशी जोडले जात आहेत. २०१९ मध्ये ‘एफएटीएफ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने एक्स्चेंजना पैसे पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळख सोबत धाडण्याचे बंधन सुचवले. ओईसीडीने आखलेल्या चौकटीनुसार २०२७ पासून अनेक देश आपापल्या एक्स्चेंजमधील परदेशी ग्राहकांची माहिती एकमेकांच्या करखात्यांना आपोआप पाठवू लागणार आहेत. हुंडीच्या जगात शहाची ओळख बाजार पटवून देत असे. आता ती ओळख सरकार पटवून घेते.

२४/
म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर बव्हंशी ‘हो’ असे आहे. सरकार क्रिप्टोवर कर लावू शकते आणि लक्षही ठेवू शकते. परंतु येथेच खरा पेच सुरू होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवले की बँकेच्या हवाली केलेल्या नोंदींवर ग्राहकाला खासगीपणाचा घटनात्मक दावा नाही. २०२० मध्ये एका अपील न्यायालयाने तेच तत्त्व ब्लॉकचेनला व कॉइनबेसच्या नोंदींना लावले. भारतात २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. राज्याने त्यात हस्तक्षेप करायचा तर तो कायद्याने, वैध हेतूने आणि प्रमाणात असावा, असेही सांगितले. २०२० च्या क्रिप्टो निकालातही कसोटी प्रमाणाचीच होती.

२५/
बँकेची वही बंद असल्याने सरकारला एकेका खात्यासाठी विचारणा करावी लागते. ब्लॉकचेनची वही मुळातच उघडी आहे. गुप्त आहे ती फक्त दुसरी वही : कोणता पत्ता कुणाचा, हे सांगणारी. ती एक्स्चेंजकडे आहे, विश्लेषण कंपन्यांकडे आहे आणि क्रमाक्रमाने सरकारांकडे येते आहे. एकदा नाव व पत्ता जुळले की त्या माणसाने पूर्वी काय घेतले, कोणत्या संस्थेला देणगी दिली, कुणाला मदत पाठवली, हे सारे मागे जाऊन वाचता येते. करचोराचा माग जसा पुसत नाही तसा देणगीदाराचाही पुसत नाही.

२६/
सिल्क रोडच्या प्रकरणातून दोन गोष्टी एकाच वेळी शिकता येतात. उघड्या वहीने बाजार चालवणाऱ्याचा हिशेब न्यायालयात मांडला, आणि त्याच वहीने तपास अधिकाऱ्यांची चोरीही चव्हाट्यावर आणली. ब्रिजेस पकडला गेला, कारण पहिली वही सर्वांना वाचता येत होती आणि दुसऱ्या वहीकडे जाण्यासाठी गाम्बार्यान यांना कायद्याच्या वाटेने जावे लागले.
कॉइनबेसच्या निकालात १४,३५५ ही संख्या सर्व ग्राहकांच्या जागी आली, ती एका न्यायाधीशाने रेषा आखल्यामुळे. नाका कुठे बसवायचा हे राज्यसत्तेला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. नाक्यावरच्या कारकुनाने कोणती गोणी उघडायची आणि कोणती नाही, हे मात्र दर पिढीला नव्याने भांडून ठरवावे लागते.

(थ्रेड समाप्त)